न दुखणारा दाह : प्रतिकारशक्तिजन्य वृक्कविकार आणि आपले कर्तव्य

भोसरी, चिंचवड, चाकण किंवा महाळुंगे येथे चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याला पुढील रुग्ण ओळखीचा वाटेल. वय तीस-पस्तीस. फाउंड्रीत किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पाळीचे काम. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, संध्याकाळी बूट काढल्यावर मोज्याची खूण पायावर खोल उमटलेली दिसते. लघवीला फेस येतो, पण हे तो विचारल्याखेरीज सांगत नाही. कारण दुखत काहीच नाही. ‘दिवसभर उभ्याने काम असते, म्हणून पाय सुजतात’ हे निदान त्याने स्वतःच करून आणलेले असते. पाठ आखडते म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्याही चालू असतात. हे चित्र कोणा एका रुग्णाचे नाही. या पट्ट्यातील अनेकांचे मिळून ते तयार झाले आहे.

असा रुग्ण समोर आला की आपला हात साहजिकच पुनर्नवा आणि गोक्षुराकडे जातो. परंतु औषध लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा : हा शोथ ज्या अवयवातून उद्भवला, त्या अवयवात या क्षणी काय चालले आहे? कारण अनेकदा तेथे दाह पेटलेला असतो. तो जंतूंनी नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने पेटविलेला असतो. हा दाह कसा निर्माण होतो, त्याचे व्रणात रूपांतर कसे होते आणि त्या दरम्यानच्या अवधीत वैद्य व औषधविक्रेता यांनी काय करावे आणि काय टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रातील शोथ

चरकसंहितेत मूत्रवह स्रोतसाचे मूल बस्ती आणि वंक्षण असे सांगितले आहे. वृक्कांचा उल्लेख मेदोवह स्रोतसाच्या मुळाशी येतो. म्हणजेच मूत्रनिर्मितीचे जे कार्य आज आपण वृक्कांशी जोडतो, त्याची मांडणी संहितेत त्या स्वरूपात नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट शोथाचे जे वर्णन सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात आणि चिकित्सास्थानातील श्वयथु अध्यायात आहे, ते रुग्णाच्या शय्येपाशी बसून केलेले वर्णन आहे. शोथात लवण वर्ज्य करण्यास चरकांनी सांगितले. आजही वृक्कजन्य शोथाच्या उपचाराची पहिली पायरी मीठ कमी करणे हीच आहे. अनुभवातून आलेले ज्ञान असे टिकते. परंतु ‘आम म्हणजेच प्रतिपिंडांची संयुगे’ अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. त्यातून ना संहितेचा अर्थ उजळतो, ना रुग्णाचे निदान होते.

गाळणीची रचना

प्रत्येक वृक्कात सुमारे दहा लाख सूक्ष्म केशिकागुच्छ असतात. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा भाग, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, दोन्ही वृक्कांतून जाते. त्यातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यापैकी बहुतेक परत शोषला जाऊन दीड-दोन लिटर मूत्र उरते.

या गाळणीचे तीन थर आहेत. रक्ताच्या बाजूला छिद्रयुक्त आंतरस्तर, मध्ये तलपटल आणि मूत्राच्या बाजूला पायांसारखे प्रवर्ध असलेल्या पेशी, ज्यांना पोडोसाइट म्हणतात. तलपटल व पोडोसाइट यांवर ऋण विद्युत्भार असतो. निरोगी व्यक्तीच्या मूत्रात दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन असते, ते या तीन थरांमुळेच.

मोठा रक्तप्रवाह, अधिक दाब आणि सतत गाळण्याची क्रिया या तीन गोष्टींमुळेच वृक्क प्रतिकारशक्तीच्या चुकांना बळी पडतो. रक्तात फिरणारी प्रतिजन व प्रतिपिंड यांची संयुगे येथे अडकतात. धनभारित प्रतिजने ऋणभारित पटलाला चिकटतात. दोष अन्यत्र निर्माण होतो, पण भोगतो वृक्क.

दाह कसा पेटतो?

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती कालगणनेवरून. लोहितांग ज्वराच्या रुग्णात मूत्रात रक्त दिसते ते ज्वर चढलेला असताना नव्हे, तर तो उतरल्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात. जंतूच वृक्काला इजा करीत असता तर ते ज्वराच्या ऐन भरात दिसावयास हवे होते. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या बालरोगतज्ज्ञांनी १९०५ मध्ये रक्तद्रव टोचल्यानंतर काही दिवसांनी उद्भवणाऱ्या विकाराचे वर्णन केले. मधला निरोगी वाटणारा काळ हा शरीराने प्रतिपिंडे तयार करण्याचा काळ असतो, असा विचार त्यातून पुढे आला. रोग बाहेरून आलेल्या द्रव्याने नव्हे, तर त्याला शरीराने दिलेल्या उत्तराने होतो, हे सूत्र तेथून रुजले.

आज या क्रमाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे समजल्या जातात. प्रतिपिंड गाळणीत येऊन बसते. ते रक्तातून आलेल्या संयुगाच्या रूपाने असेल किंवा गाळणीतच असलेल्या प्रतिजनाला येऊन चिकटलेले असेल. त्यामुळे रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाचा प्रथिनसमूह एकामागून एक जागृत होतो. त्याचे काही तुकडे श्वेतपेशींना बोलावून आणतात. अखेरचा भाग पेशीच्या आवरणाला थेट छिद्र पाडतो. आलेल्या श्वेतपेशी पाचक द्रव्ये व ऑक्सिजनची तीव्र संयुगे ओततात. जंतूसाठी योजलेले शस्त्र आपल्याच गाळणीवर चालते. आंतरस्तर फुगतो, केशिका बुजतात, पटल फाटते. तीव्र प्रकारात फाटलेल्या पटलातून बाहेर पडलेल्या फायब्रिनभोवती पेशी जमून चंद्रकोरीच्या आकाराचे पुंज तयार होतात. असे पुंज बहुसंख्य गुच्छांत असतील तर वृक्क काही आठवड्यांत निकामी होऊ शकतो.

संयुग कोठे बसते यावर लक्षणे ठरतात, हे चिकित्सकाने विशेष ध्यानात ठेवावे. ते पटलाच्या रक्ताकडील बाजूस बसले तर श्वेतपेशी तेथे सहज पोहोचतात; मग मूत्रात रक्त, वाढलेला रक्तदाब आणि चढते क्रिएटिनिन दिसते. ते पटलापलीकडे, पोडोसाइटच्या खाली बसले तर पेशी तेथे पोहोचत नाहीत. कॉम्प्लिमेंट तेवढे आपले काम करते, पोडोसाइट जखमी होते आणि मूत्रातून प्रथिन वाहू लागते. अशा रुग्णात रक्त नाही, ज्वर नाही, वेदना नाही. केवळ फेस आणि शोथ असतो. म्हणूनच तो उशिरा येतो.

दाहानंतर तंतुमय व्रण होतो. गळणारे प्रथिन पुढील नलिकांनाही इजा करते. उरलेल्या गुच्छांवर अधिक भार पडतो आणि तेही झिजतात. दाह शमविता येतो, व्रण पूर्ववत करता येत नाही. गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्मी होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेतच दिसू शकते, त्यामुळे केवळ ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ या शब्दांवर समाधान मानू नये.

एक दाह, अनेक कारणे

घशातील किंवा त्वचेवरील स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतरचा वृक्कदाह मुलांत अधिक आढळतो. घशानंतर एक ते तीन आठवड्यांनी, खरूज चिघळून पू झालेल्या त्वचेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्र चहासारखे होते, चेहरा सुजतो. रक्तातील सी-३ उतरते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. येथे आपल्या गावाचा एक संदर्भ आठवतो. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलिन येथून देशभर गेले. त्या औषधाने स्ट्रेप्टोकॉकस मरतो आणि त्याचा प्रसार थांबतो. परंतु प्रतिकारशक्तीने एकदा पेटविलेला वृक्कदाह पेनिसिलिनने विझत नाही. जंतू आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

आयजीए वृक्कविकाराचे वर्णन पॅरिस येथे झां बेर्जे यांनी १९६८ मध्ये केले. जगभरातील प्राथमिक ग्लोमेरुलस-विकारांत हा सर्वाधिक आढळतो. सदोष शर्करायुक्त आयजीए, त्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे आणि दोघांचे वृक्कात साचणारे संयुग हा त्याचा क्रम होय. येथे घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच लाल मूत्र होते. आधीच्या प्रकारातील आठवड्यांचे अंतर नसते. केवळ हे अंतर विचारून वैद्याला निदानाची दिशा मिळू शकते.

तरुण स्त्रीमध्ये सांधेदुखी, केस गळणे, उन्हाने वाढणारे गालांवरील चट्टे आणि पायांवर सूज असे एकत्र आढळल्यास ल्युपसचा विचार करावा. ‘संधिवात’ म्हणून वर्षभर काढा घेतलेल्या अशा रुग्णाचे मूत्र एकदाही तपासलेले नसणे, ही आपल्या व्यवसायातील वारंवार होणारी चूक आहे.

वृक्काच्या गाळणीऐवजी नलिकांमधील ऊतीतही प्रतिकारशक्तिजन्य दाह होतो आणि त्याचे प्रमुख कारण औषधे आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके, काही प्रतिजैविके आणि आम्लपित्तासाठी महिनोन्महिने घेतली जाणारी ओमेप्राझोल, पॅंटोप्राझोल ही औषधे त्यात येतात. ज्वर आणि अंगावर पुरळ ही लक्षणे पुष्कळदा नसतात. केवळ क्रिएटिनिन चढत जाते. वेळीच औषध थांबविल्यास बहुधा सुधारणा होते.

औद्योगिक पट्ट्यातील विशेष प्रश्न

रुग्णाला वय, आहार, निद्रा विचारताना ‘काम नेमके कोणते?’ हा प्रश्न आपण बहुधा ‘कंपनीत’ या उत्तरावर सोडून देतो. तो पुढे न्यावा. ओतकामातील वाळू, फेटलिंग आणि सँड ब्लास्टिंग यांतून स्फटिकरूप सिलिकाची धूळ उडते. या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो हे सर्वश्रुत आहे. परंतु एएनसीए नावाच्या प्रतिपिंडांमुळे होणारा वाहिनीदाह व ल्युपस यांच्याशीही तिचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. एएनसीए विकारात प्रतिपिंडे श्वेतपेशींनाच भडकवितात आणि त्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पोखरतात. दीर्घकाळ नाक वाहणे, खोकल्यातून रक्त, वजन घटणे आणि मूत्रात रक्त एकत्र आल्यास एकही दिवस दवडू नये. पेंट शॉपमधील हायड्रोकार्बन वाफा आणि धूम्रपान यांचा संबंध तलपटलाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याच्या दुर्मीळ, पण अत्यंत वेगवान विकाराशी जोडला गेला आहे.

याखेरीज भट्टीजवळची उष्णता, पाळीत पाणी कमी पिणे आणि अंगदुखीसाठी गोळी, हे त्रिकूट येथे नित्याचे आहे. शरीरात पाणी कमी असताना वृक्काकडील रक्तप्रवाह प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर टिकून असतो; वेदनाशामक गोळी नेमका तो आधार काढून घेते. आधीच दाह असलेल्या वृक्काला हा दुसरा घाव होय.

पाऱ्याचा प्रश्न

आता जो विषय आपल्याला सर्वांत जवळचा आणि म्हणून अवघड आहे, त्याकडे येऊ. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना २०२२ मध्ये ग्लोमेरुलसचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा शोध घेतला गेला. तिघीही एकच गोरेपणाचे क्रीम वापरीत होत्या आणि त्यात पारा अनुज्ञेय मर्यादेच्या कित्येक पट आढळला. सौंदर्यप्रसाधनांत अनवधानाने येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकीच आहे. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात आढळलेल्या मेंब्रेनस वृक्कविकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत नेल-१ हे विशिष्ट प्रतिजन सापडले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. पोडोसाइटच्या खाली संयुगे साचून प्रथिन वाहू लागण्याचा जो प्रकार वर वर्णिला, तोच हा.

प्रश्न क्रीमपुरता असता तर आपण निश्चिंत राहिलो असतो. परंतु २०२२ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात दक्षिण भारतातील विकृतिशास्त्रज्ञांनी पारंपरिक औषधे घेणाऱ्या नेल-१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. औषध थांबविल्यावर त्यांपैकी अनेकांचे प्रथिन कमी झाले. यावर ‘ती औषधे अशास्त्रीय असतील’ एवढेच उत्तर देऊन चालणार नाही. रसशास्त्रात शोधन, मारण आणि परीक्षा यांचा आग्रह आहे, हे खरे. पण आपल्या कपाटातील प्रत्येक डबीतील कल्प त्या परीक्षांना उतरला आहे, हे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो का? आरोग्यवर्धिनीसारखा नित्याचा कल्पही कज्जलीयुक्त आहे आणि तो त्वचेच्या तक्रारींसाठी महिनोन्महिने दिला जातो. औषध नियमांतील परिशिष्ट ई-१ मध्ये पारदाचा समावेश आहे. अशा द्रव्यांच्या कल्पावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना आवश्यक आहे. ती सूचना वेष्टनावर छापलेली असते, पण दुकानात ती पाळली जात नाही.

यातून निघणारा नियम सोपा आहे. मूत्रात प्रथिन किंवा रक्त असलेल्या रुग्णास पारदयुक्त कल्प देऊ नयेत. चालू असल्यास थांबवावेत. इतर रुग्णांत तो दीर्घकाळ द्यावयाचा असल्यास आरंभी आणि मधून मधून मूत्र तपासावे.

पारदाखेरीज आणखी एक सूचना. श्वेतपर्पटीत सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट हा प्रमुख घटक आहे. यवक्षारातही पोटॅशियमचे क्षार आहेत. ‘लघवी साफ होण्यासाठी’ ही औषधे देताना वृक्काची क्षमता घटलेली असेल आणि रुग्ण रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेत असेल, तर रक्तातील पोटॅशियम हृदयाला घातक पातळीपर्यंत चढू शकते.

‘प्रतिकारशक्ती वाढविणे’ या घोषणेचाही फेरविचार व्हावा. या विकारांत प्रतिकारशक्ती दुबळी नसते, ती दिशाहीन असते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील प्रतिकारशक्तिजन्य यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तो वाद बाजूस ठेवला, तरी ल्युपस किंवा वृक्कदाहाच्या रुग्णास रसायनद्रव्ये सुरू करताना त्याच्या वृक्कतज्ज्ञास कळविणे, एवढी दक्षता घेणे कोणासही जड नाही.

चिकित्सालयात आणि दुकानात

वैद्यांनी चिकित्सालयात तीन साधने ठेवावीत : मूत्रपरीक्षणाच्या पट्ट्या, रक्तदाबमापक आणि वजनकाटा. शोथ, फेसाळ किंवा लालसर मूत्र, तरुण वयातील उच्च रक्तदाब, दीर्घ सांधेदुखी यांपैकी काहीही असल्यास त्याच भेटीत मूत्र पट्टीने तपासावे. प्रथिन वा रक्त आढळल्यास सूक्ष्मदर्शक परीक्षा, प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण, रक्तातील क्रिएटिनिन व सोनोग्राफी करून घ्यावी. दोष कायम राहिल्यास रुग्णास वृक्कतज्ज्ञाकडे पाठवावे. विमाधारक कामगारास मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयाचा, इतरांस महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. मूत्र घटत असेल, दम लागत असेल किंवा क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल तर त्याच दिवशी पाठवावे.

बायोप्सीची भीती रुग्णाच्या मनातून काढणे हेही वैद्याचे काम आहे. संयुग कोठे बसले आहे, दाह किती आणि व्रण किती, हे तिच्यावाचून सहसा कळत नाही आणि त्यावरच उपचार ठरतो. स्टेरॉइडला कंटाळून आपल्याकडे आलेल्या रुग्णाचे स्टेरॉइड आपण कधीही अचानक बंद करवू नये. दबलेला दाह उसळतो आणि अधिवृक्क ग्रंथीच्या मंदपणाने जीवही धोक्यात येतो. पथ्य, मिठाचा संयम, निद्रा, धूम्रपानत्याग आणि रक्तदाबाचे नियमित मापन यांत आपली साथ रुग्णाला मोलाची आहे.

औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक मागणाऱ्या कामगारास सूज आहे का, रक्तदाब आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्पादकाचे नाव, परवाना व घटक नसलेली क्रीम किंवा ‘सांधेदुखीची पुडी’ दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. पारदयुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये.

आरंभी वर्णिलेला रुग्ण उद्या सकाळी आपल्यापैकी कोणाच्या तरी दारात उभा असेल. पुनर्नवा लिहिण्यापूर्वी त्याच्या हाती मूत्रासाठी एक बाटली द्यावी. पट्टीचा रंग बदलावयास एक मिनिट लागते. आपल्या हातून ते मिनिट निसटले, तर पुढे त्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून राहावे लागण्याची शक्यता असते. म्हणून त्या एका मिनिटाची सवय प्रत्येक चिकित्सालयात लागावी, एवढीच या लेखामागील विनंती आहे.